चौदा माणसांचं ओझं

टण्… आणि पुन्हा सगळं शांत.

परातीच्या काठावरून पितळेची एक बारीक खीळ घरंगळली होती, तेवढंच. पण लेक सुजाता नुकती डोळा लागून पडलेली, गल्ली दुपारची सुस्त, आणि शकुन स्वतःशीच काहीतरी बोलत बसलेली… तो एवढासा आवाज तिच्या छातीत लागला. खीळ उचलून तिनं जागेवर ठेवली आणि हात मागं घेताना बोट मोटरबोटीच्या पंख्याच्या पात्याला टेकलं. गार. पातं सपाट नव्हतं. देठापाशी उभं, पुढं हळूहळू निजत गेलेलं, आणि ते बोट घसरत घसरत पार कडेला आलं तरी वळण नेमकं कुठं सुरू झालं ते बोटाला कळलंच नाही. कोणी वळवलं असेल असं? पाण्याला विचारल्याशिवाय माणसाला हे सुचलं तरी कसं असेल?

देवमन, तिचा नवरा, तालुक्याच्या पूर-मदतीच्या त्या बोटीचा मिस्त्री. बोट चालवायचाही तोच. बोटीच्या पाठीला दोन इंजिनं लटकत. ती जुनी दोन्ही काढून या महिन्यात नवी, जास्त ताकदीची बसवली होती, आणि त्यांच्यासाठी पंख्यांच्या दोन जोड्या आल्या होत्या. एकीच्या गाभ्यावर तेराचा आकडा, दुसरीच्या दहाचा. चारही पंखे घरात गोणपाटावर मांडलेले. "गोदामात उंदरं नाईत," देवमन म्हणाला होता, "पन चोर लई हायेत."

सकाळी भाकरी खाता खाता त्यानं तिला समजावून सांगितलं होतं — त्याला सांगायला दुसरं कोण होतं? "स्क्रू लाकडात जाते का नाई? तसाच ह्यो पाण्यात जाते. तेराचा एका फेऱ्यात तेरा इंच, दहाचा दहा."

"मंग तेराचाच बरा."

"बोट हलकी असन तं. वजन लई झालं का इंजिन दमते, फेरे पडत नाईत, धूर काढते अन् एक दिवस बसते. साह्यबानं चौदा मानसाईचं वजन धरलं. तेवढ्याले तेराचा पुरते. उद्या सकाळी साह्यब बोट पाहाले येऊन राह्यले, आज सांजेले बसवून टाकतो."

चौदा माणसं… तो उठून गेला तेव्हापासून शकुनच्या डोक्यात तेवढंच फिरत होतं. आणि त्याबरोबर जातं फिरत होतं. मूठ मोठी पडली की वरची दगडी तळी जड होते, खुंटा हाताला ओढतो, खांदा भरून येतो आणि पीठ तरी भरडच पडतं. लहान मूठ टाकली की फेरे वाढतात, पण हात कुठं अडत नाही. तेरा म्हणजे मोठी मूठ. दहा म्हणजे लहान. नदी म्हणजे न संपणारी ज्वारी… हे आपल्याला आपोआप कळलं याचंच तिला नवल वाटत राहिलं. एवढ्या लांबून, समुद्राकडून आलेल्या लोखंडात आपला खांदा कसा काय शिरून बसला?

पण ते जातंच तर… ते जातंच तर मी लपवलं होतं.

गेल्या श्रावणात नदी गल्लीत शिरली, तेव्हा देवमन बोटीत उभा राहून ओरडत होता, "मानसंच! सामान नाई! गाडगंबी नाई!" आणि सगळ्या बाया मानेनं हो हो करत बसत होत्या. तिच्या मांडीवरच्या गोधडीत जात्याची वरची तळी होती, गोधडीवर सुजाता. शेजारची शहाजादी, कपडे शिवून दोन लेकरं वाढवणारी, तिनं शिलाईमशीनचं लोखंडी डोकं ओढणीखाली तान्ह्या पोरासारखं छातीशी धरलं होतं. कोणाचा पाटा, कोणाच्या पोटाशी ज्वारीचं गाठोडं. सगळ्यांनी सगळ्यांचं पाहिलं, आणि शहाजादीनं ओठावर बोट ठेवलं. मग मधोमध धारेला बोट थांबली. थांबली म्हणजे, इंजिनं घुरघुरत होती, धूर निघत होता, दोन्ही बाजूंनी पाणी सपासप मागं जात होतं, आणि समोरचा किल्ल्याचा बुरूज मात्र जिथल्या तिथं. आपण चाललोय आणि तरी कुठंच चाललो नाही… भीती नंतर आली. त्या घटकेला तिला फक्त एवढंच वाटलं होतं की नदी आपल्याकडं पाहते आहे.

धारेनं बोट बाभळीत नेऊन अडकवली, दोर टाकून लोकांनी सगळ्यांना ओढून काढलं. शाळेच्या छतावर बोटीची वाट पाहणारी आठ माणसं मात्र दुसऱ्या दुपारपर्यंत तिथंच बसून राहिली. जीव कोणाचा गेला नाही. पण देवमनला नोटीस आली — इंजिनांची निगा राखली नाही, कारणे दाखवा. तो कागद अजून पेटीत तळाला आहे. "चौदा मानसाईनं बोट अडाची नोती," तो म्हणाला होता. "माहीच काई चूक असन." आणि हे ऐकत ऐकत आपण भाकरी थापली. ती भाजली, उलटली, त्याच्या ताटात टाकली. वर्ष होत आलं.

उन्हं कलली तसा तो आला, आणि तेराची जोडी उचलायला वाकला.

"थांबा."

"काहून?"

"त्या दिवशी चौदा मानसं होती. पन वजन चौदाचं नोतं." पुढचं तिनं त्याच्याकडं न पाहता, पंख्याच्या पात्याकडं पाहत सांगितलं. "माह्या गोधडीत जात्याची तळी होती. वरची."

तो वाकलेला होता तसाच उकिडवा बसला. मग म्हणाला, "अन् खालची?"

"खालची जमिनीत गाडेल. तशीच राह्यली."

"अर्ध्या जात्यानं काय दळनार होती वं?"

हसला असता तरी बरं झालं असतं. तो खरंच विचारत होता.

"खालची कुठंबी भेटली असती," ती म्हणाली. "वरची माह्या मायच्या हातची होती."

"अन् बाकीच्याईच्या जवळ?"

"शहाजादीभाभीले इचारा."

भिंतीपलीकडून मशीनचा आवाज थांबला. सगळं ऐकू गेलं होतं तर. "नोटीस मशीनले द्या, देवमनभाऊ, मले नका देऊ!" शहाजादी ओरडली. "तिले तिथं सोडली असती तं माह्या पोराईचं पोट काय तुमी शिवलं असतं?"

देवमननं तेराची जोडी उचलली. मग दहाचीही उचलली. "आना," तो म्हणाला. "त्या दिवशी जे जे होतं ते सारं आना. उघडं आना."

सांजेला काठावर जत्रा भरल्यासारखं झालं. नदी अर्धी भरून वाहत होती. चौदा माणसं मोजून बसली; मांडीवर तळी, मशीन, पाटा, गाठोडी, आणि हसू काही आवरत नव्हतं. आधी तेराची जोडी. धारेला बोट लागली आणि तोच घुरघुराट, तोच धूर, बुरूज पुन्हा हलेना. कोणी हसेना झालं. कापसाच्या जिनातून मागून आणलेलं फेरे मोजायचं घड्याळ देवमननं पाहिलं, मान हलवली, बोट काठाला आणली. गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यानं खिळी काढल्या, एक पंखा उतरवला, दुसरा उतरवला, दहाचे दोन्ही चढवले. शकुनकडं त्यानं एकदाही पाहिलं नाही.

मग पुन्हा धारेला… आणि आवाज मोकळा झाला. कोंडलेला श्वास सुटावा तसा. दोन इंजिनांचा एकच आवाज, वर चढत गेलेला, ठाम. मागं पाणी पांढरं होऊन दोन वेण्यांसारखं उलगडत गेलं, आणि किल्ल्याचा बुरूज — तो भलामोठा, जुना, कोणासाठी न हललेला बुरूज — हळूच मागं सरकू लागला. मांडीवर तळीचं वजन तेवढंच होतं. शहाजादीचं मशीनही तेवढंच. काहीच कमी झालं नव्हतं, काही टाकलं नव्हतं, आणि तरी एवढी मोठी नदी लहान लहान घासांनी त्यांना वाट देत होती. शकुनच्या अंगावर काटा आला. उद्या साहेबांना हा काय सांगेल, बायकोचं नाव घेईल की नाही, घरी गेल्यावर आपल्याशी बोलेल की नाही… हे सगळं तिनं दिवसभर घट्ट धरून ठेवलं होतं. आता ते होतं, पण दूर, काठावर उभ्या माणसांसारखं बारीक. इथं फक्त हा थरथराट होता, पायाच्या तळव्यातून वर येणारा, आणि पाण्यावरचा शेवटचा उजेड.

"चौदा!" देवमन इंजिनांच्या वर आवाज काढून म्हणाला, तिला की नदीला कोण जाणे. "सामानासकट चौदा. साह्यबाले सांगतो. पन एकबी जास्त नाई!"

सुजातानं बोटीतल्या माणसांवरून बोट फिरवत ओठांत मोजलं. मग मान वर करून आईकडं पाहिलं.

"माय, पंधरावं मानूस आलं तं कोनाले उतरवाचं?"