नेत्राचं दृढीकरण

माझ्या नातीने नको म्हणून सांगितलं ते गुरुवारी, आणि समारंभ होता रविवारी. बिर्याणीची ऑर्डर गेलेली. ओहायोहून सुनेचा भाऊ कुटुंबासकट येणार म्हणून गाद्या झटकून ठेवलेल्या. आणि मी नगरहून विमानं बदलत, गुडघ्याला पट्टा बांधून, तिच्यासाठी पांढरी साडी घेऊन अमेरिकेतल्या या ट्रॉय गावात येऊन बसलेली. एवढं सगळं झाल्यावर ही सोळा वर्षांची बया दुधात पोहे घालावेत तसलं काहीतरी खाता खाता म्हणते, "आजी, आय कान्ट डू धिस."

"काय कान्ट?" मी म्हटलं. "उभं राहायचंय आणि हो म्हणायचंय. तेवढं तर तुझ्या बापालाही जमलं होतं, आणि त्याला चार माणसांत नाव सांगायचं तरी घाम फुटायचा."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही ख्रिस्ती. आमच्यात लेकरू तान्हं असताना आईबाप त्याचा बाप्तिस्मा करतात. त्या वेळी त्याला काही कळत नसतं, डोक्यावर पाणी पडलं की ते भोकाड पसरतं. पुढे ते मोठं झालं की मंडळीपुढे उभं राहून आपल्या तोंडानं सांगतं, की हो, हा विश्वास आता माझा. त्याला दृढीकरण म्हणायचं. आमच्या घरात माझ्या आज्यापासून एकही माणूस त्यातून सुटलेला नाही. दारू पिणारेसुद्धा उभे राहिले.

आणि हिचं कारण काय, तर शाळेत इतिहास शिकवला. या देशात ज्यांनी काळ्या माणसांना गुलाम करून ठेवलं, चाबकानं फोडलं, लेकरं आयांच्या कडेवरून ओढून बाजारात विकली, ते दर रविवारी देवळात जात होते. चर्चला आम्ही नगरकडचे देऊळच म्हणतो. तर ते देवळात जात होते आणि त्याच शास्त्रातून वाचून दाखवत होते, की गुलामांनी धन्याचं ऐकावं. "सेम बुक, आजी," नेत्रा म्हणाली. "तेच पुस्तक हातात घेऊन मी उभी राहू?"

मी काही बोलायच्या आत माझी सून प्रीता म्हणाली, "आई, तुम्ही प्लीज काही बोलू नका." म्हणजे मी सात समुद्र ओलांडून आले ती गप्प बसायला. सुशांत म्हणाला, "आई, तिला थोडी स्पेस दे." तिला वरच्या मजल्यावर अख्खी खोली दिलीय, आत स्वतःची मोरी आहे, आणखी कुठली स्पेस द्यायची?

या देशात घरात भांडण झालं की सगळ्यांना गाडीत घालून कुठेतरी नेतात. मागच्या खेपेला सुशांत-प्रीताचं काहीतरी बिनसलं, तेव्हा मला पार समुद्रकाठी एक दगड दाखवायला नेलं होतं. आपल्या मनासारखी प्रार्थना करता यावी म्हणून घरदार सोडून जहाजातून आलेली माणसं म्हणे तिथे उतरली. दगड एवढासा. त्याच्याभोवती खांब, वर छप्पर. आमच्याकडे यापेक्षा मोठ्या दगडावर आम्ही गोधड्या धुतो. पण त्या माणसांचं मला बरं वाटलं होतं. देवासाठी एवढं पाणी ओलांडायचं म्हणजे खाऊ नाही. तेव्हाही ही पोरगी कानात ते गाण्याचं बोंडूक घालून म्हणाली होती, "आजी, इथे आधीच लोक राहत होते, त्यांचं काय?" हिला कुठेही न्या, ही तिथल्या पाटीवर जे लिहिलेलं नाही तेच विचारणार.

तर या वेळी सुशांतने शनिवारी सगळ्यांना डेट्रॉइटला नेलं. गुलामीतून पळून आलेल्यांना तळघरात लपवणारं एक जुनं देऊळ आहे, ते बघायला. पळून आलेले इथे दडायचे आणि संधी साधून नदीपलीकडे कॅनडात जायचे. तिकडे गेले की सुटले. "तिला कळेल की ख्रिस्ती लोक दोन्ही बाजूंना होते," सुशांत मला हळूच म्हणाला. एवढा शिकला, मोटारींच्या कंपनीत कॉम्प्युटरवर बसतो, पण पोरीला समोर बसवून बोलायला याला तळघर लागतं.

देऊळ विटांचं, साधं. दारात मी बूट काढले. चिकटपट्टीचे आहेत, सुशांतने थंडीसाठी घेतलेले. काढून भिंतीशी नीट लावून ठेवले, पदर डोक्यावर घेतला आणि आत गेले. आमच्या गावच्या देवळात पायातलं बाहेर काढल्याशिवाय कोणी आत पाऊल टाकत नाही, साहेब असो नाहीतर उपदेश करणारा पाळक. प्रीताचं तोंड बघण्यासारखं झालं. "आई, अहो, इथे कोणी काढत नाही." मी म्हटलं, नसतील काढत.

दाखवणारी बाई मिसेस ओपल. माझ्याच वयाची, काळी, उंच, जांभळी टोपी, आणि आवाज असा की मागच्या बाकावरच्या माणसालाही डुलकी लागू नये. ती इंग्रजीत सांगायची, नेत्रा मला मराठीत सांगायची. हिचं मराठी म्हणजे अर्धं ताटात आणि अर्धं ताटाबाहेर, पण कळत होतं. हे देऊळ काढलं ते आधी गोऱ्यांच्या देवळात जाणाऱ्या काळ्या माणसांनी. तिथे त्यांना वर माळ्यावर बसवायचे. खाली बाकं रिकामी असली तरी वर. तर एक दिवस ते उठले आणि बाहेर पडले, आणि स्वतःचं देऊळ उभं केलं.

"सी?" नेत्रा मला म्हणाली. "देवळातच वर बसवायचे."

"मग बाहेर पडले ना," मी म्हटलं. "बाक सोडला. देव कुठे सोडला?"

"ते मी ट्रान्सलेट नाही करणार," ती म्हणाली.

मग तळघर. पायऱ्या उभ्या, माझा गुडघा बोलायला लागला. खाली गार, बुटकं, भिंतीला हात लावला तर ओल. मिसेस ओपलने दिवा घालवला. म्हणाली, असं बसायचे, लेकराच्या तोंडावर हात ठेवून. कोणी हललं नाही. मी मनातल्या मनात प्रार्थना केली आणि मोठ्यानं आमेन म्हटलं. अंधारात मिसेस ओपलही आमेन म्हणाली. प्रीताने माझ्या दंडाला चिमटा काढला.

दिवा लागला, आणि तिने आम्हाला मागच्या दारानं वर आणून रस्त्यावर सोडलं. पळून आलेले याच बाजूनं नदीकडे जायचे म्हणे. दार मागे धाडकन लागलं. मग माझ्या लक्षात आलं की मी नोव्हेंबरच्या डेट्रॉइटमध्ये नुसत्या मोज्यांवर उभी आहे, आणि बूट पुढच्या दाराशी, आतल्या बाजूला.

"आई!" सुशांत म्हणाला. चार वर्षांचा असताना तो विहिरीत डोकावत होता, तेव्हा मी त्याला ज्या आवाजात हाक मारली होती, तोच आवाज. "दुसऱ्या कोणी काढले होते का? एकानं तरी?"

"माझ्यावर कशाला ओरडतोस? देवळाला दारं दोन ठेवली ती मी ठेवली?"

तो वळसा घालून पुढच्या दाराकडे धावला. प्रीता गाडी आणायला गेली, जाताना काहीतरी पुटपुटली, ते मी ऐकलं नाही असं दाखवलं. मी आणि नेत्रा तिथल्या पायरीवर बसलो. पोरीनं अंगातलं जाकीट काढून माझ्या पायांना गुंडाळलं. स्वतः कुडकुडत बसली. घाल म्हटलं तर ऐकेना.

"आजी, तू का काढलेस? तिकडे नगरला काढतात ते ठीक आहे. इथे तर कोणी सांगितलं नव्हतं."

राग आला की माझं तोंड सुटतं, आणि एकदा सुटलं की मला थांबवता येत नाही. मी म्हटलं, ऐक. माझा आजा, म्हणजे तुझ्या बापाच्या आईचा आजा, गावात पाटलाच्या वाटेनं निघाला की पायातलं काढून हातात धरायचा. ऊन असो, काटे असोत. नाही काढलं तर मार. पुढे दुष्काळ पडला. मिशनच्या अमेरिकन साहेबानं तळ्यावर काम दिलं, धान्य दिलं, पोरांना शाळेत घेतलं, आणि आमची माणसं ख्रिस्ती झाली. गाव हसलं. म्हणाले, पोटासाठी बाटले. मी तुला सांगते, हो, पोटासाठी. देवानं भुकेल्यांना नाही खायला घालायचं तर कोणाला घालायचं, ढेकर देणाऱ्यांना? तर पहिल्या रविवारी आजा देवळाच्या दारात आला. साहेब म्हणाला, काढू नकोस, तसाच ये आत. आम्हाला तसाच ये म्हणणारा तो पहिला माणूस. आजा थांबला, आणि त्यानं काढले. पाटलापुढे काढायला लावायचे म्हणून काढत होतो, म्हणाला. इथे कोणी लावत नाही, म्हणून काढतो.

नेत्राने जाकीट माझ्या पायांभोवती आणखी घट्ट केलं. मीच पुढे म्हटलं, "म्हणून मी काढते. कोणी सांगितलं असतं तर नसते काढले."

"तो साहेब चांगला होता?"

"काय माहीत. घोड्यावरून यायचा आणि आमची माणसं मागून चालायची. अर्धा चांगला असेल. माणूस अर्धाच मिळतो."

तेवढ्यात मिसेस ओपल माझे बूट हातात घेऊन कोपऱ्यावरून आली. मागे सुशांत, तोंड पाडून. ती थेट माझ्यापुढे गुडघ्यावर बसली आणि माझ्या पायात बूट घालायला लागली. मी म्हटलं, "अगं बाई, उठ, उठ! नेत्रा, सांग तिला, माझे हात शाबूत आहेत!" ती हसली, उठली नाही. पट्ट्या लावता लावता बोलत राहिली, आणि नेत्रा मला सांगत राहिली. तिची आजी तिला म्हणायची, की पळून आलेला माणूस तळघरात आला, की इथल्या बाया आधी त्याचे पाय बघायच्या. भाकर नंतर. आधी बूट. पुढची वाट चालायची असायची ना.

मी त्या बाईकडे बघत राहिले. शास्त्रातल्या जळत्या झुडपापुढे जोडे काढ म्हणणारा आमचा देव, आणि बापाचा पैसा उधळून उकिरड्यातून घरी परतलेल्या पोराच्या पायात जोडे घाला म्हणणाराही तोच. लहानपणापासून मी हे दोन्ही ऐकतेय, आणि दोन्ही एका ठिकाणी ठेवून कधी बघितलं नव्हतं. ते दाखवायला देवानं मला डेट्रॉइटला मोज्यांवर बसवलं. त्यालाही सरळ काही करता येत नाही.

मी मिसेस ओपलचा हात धरला आणि मराठीत प्रार्थना केली. लांबलचक. आमच्यात प्रार्थना केल्याशिवाय कोणाच्या दारातून निघत नाहीत. तिला एक अक्षर कळलं नसेल, पण मध्ये मध्ये "येस, लॉर्ड" म्हणत होती, आणि बरोबर जागी. सुशांतने घड्याळ बघितलं, ते मी मिटलेल्या डोळ्यांनीही बघितलं.

गाडीत मला वाटलं, झालं काम. पोरगी खिडकीला डोकं लावून बसली होती. मी मनात साडीच्या निऱ्यांना पिना कुठे लावायच्या तेही ठरवून टाकलं. तर घराजवळच्या सिग्नलला ती माझ्याकडे वळली.

"आजी, उद्याचं सगळे मला सांगतायत."

"काय?"

"आई सांगते, डॅड सांगतो, पास्टर अंकल सांगतात. तू साडी आणलीस. बिर्याणी ऑर्डर झाली. माझ्या आजोबांचे आजोबा..."

"माझा आजा."

"हां, तेच. त्यांना कोणी लावलं नाही, म्हणून त्यांनी काढले. मला सगळे लावतायत." मग हळू आवाजात, "मी देव नको नाही म्हणत. आय जस्ट... मला माझं माझं म्हणायचंय. कधी ते माहीत नाही."

मला इतका संताप आला की काय सांगू. तिचा नव्हे. माझाच. चांगली गप्प बसा म्हणून सुनेनं सांगितलं होतं. ऐकलं असतं, तर उद्या ही पोरगी चार शिव्या मनात घालून का होईना, उभी राहिली असती, फोटो निघाले असते, मी ते फोटो नगरला नेऊन सगळ्या बायांना दाखवले असते. पण मी तोंड उघडलं. आज्याची गोष्ट सांगितली. आता आज्याला खोटं पाडू की काय?

"सुशांत," मी म्हटलं, "पाळकांना फोन लाव."

"आई, आत्ता? कशाला?"

"लाव म्हटलं ना."

प्रीता मागे वळली. "आई, तुम्ही काय करताय? माझा भाऊ निघालाय तिकडून."

"येऊ दे की. बिर्याणी खाऊ दे. नुसता समारंभ बघून पोट भरणारा माणूस तो नव्हे."

फोन लागला. ट्रॉयची आमची मराठी मंडळी मूठभर, पाळक तरुण, आठवडाभर कुठल्याशा बँकेत नोकरी करतात आणि रविवारी उपदेश. "सलाम, आजी," आमच्यात म्हणतात तसं ते म्हणाले. "तयारी झाली का उद्याची?"

"सलाम. उद्या नेत्रा उभी राहणार नाही," मी म्हटलं. "देवळात येईल. माझ्या शेजारी बसेल. बाकीची लेकरं उभी राहतील तेव्हा ती बसलेली असेल, आणि कोणी वळून बघितलं तर मी त्याच्याकडे बघीन."

पाळक म्हणाले, "पण आजी, तुम्ही तर त्यासाठीच आलात ना? पुन्हा कधी करायचं मग?"

"ते तिला आणि देवाला विचारा. मला विचारू नका, मी आधीच तापलेली आहे."

फोन ठेवला. प्रीता पुढे बघून डोळे पुसत होती. सुशांत आरशातून माझ्याकडे बघत होता, पुढचा सिग्नल हिरवा झाला तरी बघत होता, मागचा भोंगा वाजवायला लागला तेव्हा निघाला. नेत्राने माझा हात धरला. मी सोडवून घेतला. मग तिनं परत धरला, तेव्हा राहू दिला.

घरी आल्यावर मी खोलीचं दार लावून गुडघे टेकले, पट्ट्यासकट, आणि देवाला स्वच्छ सांगितलं: तुला जबरदस्तीची माणसं आवडत नाहीत, कबूल. पोरीला तिच्या वेळेनं बोलव, तेही कबूल. पण माझा व्हिसा सहा महिन्यांचा आहे, तेवढं बघून जरा हात चालव.