मागच्या दारातले बूट

जुन्या काळच्या लेखिका थॉर्नडाइकबाईंच्या घराच्या मागच्या दारात आजही ते बूट होते. काळे, टाचा झिजलेले, नीट जोडीने ठेवलेले आणि ओलेचिंब. ओहायोत आठवडाभर पाऊस नव्हता.

पहिल्यांदा दिसले तेव्हा इथे गाइडचं काम करणाऱ्या जागृतीला हसू आलं होतं. आता या घराचं म्युझियम झालंय, आणि आपली देशी मंडळी म्युझियमचंही देऊळ करून टाकतात. काढले असतील कुणा काकांनी सवयीने, म्हणून तिने दारावर चक्क पाटी लावली: शूज काढायची गरज नाही. बूट येतच राहिले. आज मात्र तिने सगळ्यांच्या पायांकडे पाहिलं. टूरला माणसं तीनच होती. मिशिगनमधल्या नोव्हायहून आलेले कुमारकाका, कांचनकाकू आणि नागपूरहून आलेली तिची स्वतःची आजी, रत्नाबाई. तिघांच्याही पायांत आपापलं काहीतरी होतंच.

त्यात मॅनेजर कॅरल मागे उभी राहून ऐकत होती. गाइडची नोकरी पक्की होणार की नाही, हे याच टूरवर ठरणार होतं. जागृतीला ती मनापासून हवी होती. एका कादंबरीने गुलामगिरीविरुद्ध माणसं उठवणाऱ्या बाईचं घर दाखवायला मिळतंय, याचा तिला केवढा अभिमान होता.

स्वयंपाकघरात तिने पाठ केलेलं इंग्रजीत म्हटलं, मग आजीसाठी मराठीत. "नदी ओलांडून पळालेली एक गुलाम बाई या दारात आली. लेखिकेने तिला घरात घेतलं, शेजारी बसवलं, तिची कहाणी ऐकली. त्याचीच कादंबरी झाली."

"घरात घेतलं?" आजी बुटांकडे बघत म्हणाली. "मग ही बाहेर कोण उभी आहे?"

"आजी, कोणी नाहीये तिथे."

"मला नको शिकवू. पाटलाच्या दारात मीही अशीच चप्पल काढून उभी राहायची. तुमच्या वस्तीचं सांग, सांग म्हणायचे सगळे. आत ये कोणी म्हणायचं नाही." आजी दाराशी गेली. "ये माय, आत ये."

काहीच झालं नाही.

"माझी बोली तिला काय कळणार? तू बोलाव."

"अगं, पुढे चल ना, लंचला लेट होतंय," कुमारकाका म्हणाले. कॅरल टक लावून बघत होती. रिकाम्या दाराशी बोलणाऱ्या गाइडला कोण ठेवून घेणार?  जागृती भ्याली, अगदी मनातून भ्याली. तरी आजीचा चेहरा बघून तिला राहवेना. तिने इंग्रजीत, जरा मोठ्यानेच म्हटलं, "आत या, बाई. बसा."

फरशीवर एक ओलं अनवाणी पाऊल उमटलं. मग दुसरं. कांचनकाकूंनी नवऱ्याची बाही घट्ट धरली. पावलं त्यांच्याजवळून लिहायच्या खोलीत गेली, पाहुण्यांना अडवायला बांधलेल्या दोरीपलीकडे गेली, आणि लेखिकेची खुर्ची करकरली.

कॅरलने धावत जाऊन खुर्चीवर हात फिरवला. गादी भिजली होती. "इथे पाणी कोणी सांडलं?" तिने विचारलं. जागृतीने खरं ते सांगितलं. कॅरलने शांतपणे तिच्याकडून गाइडचा बॅज मागून घेतला.

मागच्या दाराने निघताना जागृती रडत होती. बूट तिथेच होते, पण आता कोरडे खडखडीत. ती ते उचलायला वाकली.

"राहू दे," आजी म्हणाली. "घरात बसलेल्या माणसाचं पायताण दारातच असतं."