दोनशे ग्रॅम अननस

रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंना आपल्या फळांच्या वाटीचा भारी तोरा होता. दोनशे ग्रॅम ताजा अननस, थोडी पपई, वर लिंबू पिळलेलं. शिजवणं नाही की साखर नाही. ऐंशी कॅलरी, क जीवनसत्त्व भरपूर, मधुमेहींनाही चालेल, असा कागद त्यांनी स्वतः लिहून स्वयंपाकघरात लावला होता.

आणि नेमकी मधुमेहींच्याच वॉर्डात तिघांची साखर चढली. डॉक्टरांनी विचारल्याबरोबर बाई तडक स्वयंपाकघरात गेल्या. फळं चिरणाऱ्या मावशी नव्याच लागलेल्या. बाईंनी त्यांना सगळ्यांदेखत फैलावर घेतलं.

"चवीला मध घालता ना? खरं सांगा."

मावशींनी मान खाली घातली. बाईंना तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाटीचा हिशेब पुन्हा मांडताना बाईंना आपली चूक दिसली. अननसाचं वजन त्यांनी धरलं होतं सालीसकट. दोनशे ग्रॅममधून साल आणि मधला दांडा गेल्यावर उरेल तेवढ्याच्याच कॅलरी. स्वयंपाकघरात मात्र कागदावरचं वजन म्हणजे सोललेल्या फळाचं, हे तिथे कोणीही सांगितलं असतं. मावशी काटेकोर मोजून वाढत होत्या. रुग्णांना जवळजवळ दुप्पट फळ जात होतं, तेही बाईंच्या अक्षरातल्या हुकमाने.

लाजेने त्यांचे कान तापले. तरी हात आधी पेनाकडेच गेला. नव्या कागदावर त्यांनी दोनशेचे शंभर केले, "सोललेलं" हा शब्द घातला आणि तो लावायला, जमल्यास मावशींशी दोन शब्द गोड बोलायला, त्या खाली उतरल्या.

त्यांना बघताच मावशी सुरी ठेवून उठल्या.

"बाई, माफ करा. मी ऑफिसातल्या साहेबांना लिहून दिलंय, मध घातला म्हणून. आज शेवटचा दिवस माझा."

"घातला होतात का?"

"आठवत नाही हो. घरी जाऊन किती आठवून बघितलं. पण तुम्ही शिकलेल्या, उगाच कशाला म्हणाल? सांडला असेल माझ्याच हातून."

बाई सगळ्यांकडे वळल्या. मग त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मध कोणीच घातला नाही. वजन मी चुकीचं लिहिलं. चूक माझी आहे."

मावशींनी डोळ्यांना पदर लावला. "बाई, माझी नोकरी वाचवायला तुम्ही कशाला स्वतःवर घेता?"

सगळं स्वयंपाकघर बाईंकडे कौतुकाने बघत होतं.