तपासणीला केदारखेडा आलं

वकिलीची सनद कुणामुळं मिळाली असं बेबीनंदाला विचारलं, तर ती आईबापाच्या आधी केदारखेड्याचं नाव घेते. आता ही परतूरची, बाप रेल्वेत गँगमन, केदारखेड्यात ना हिचं माहेर ना सासर. ऐकणाऱ्याला वाटतं, बाई भलतंच बोलून राह्यली. पण ती बराबर बोलते.

गोष्ट चौऱ्याण्णव सालची. जालन्यात मस्तगडच्या बाजूला एका शाळेच्या वरच्या मजल्यावर एक लॉ कॉलेज चालायचं. पाटीवर लांबलचक नाव होतं, पण लोक म्हणायचे 'आपलं कॉलेज'. काढलं होतं बौद्ध मास्तरांनी, पोस्टमननी आणि रेल्वेच्या कामगारांनी. ज्यांच्या बापजाद्यांना कोर्टाची पायरी चढायची चोरी, त्यांनी कायदा शिकवायचं कॉलेज काढलं, म्हणजे बघा! पहिल्या साली सगळी आपली पोरं. मंग सकाळचे वर्ग, कमी फी, हे बघून शेतकऱ्यांची पोरंही येऊ लागली. भोकरदनकडचा मच्छिंद्र त्यातलाच, घरी चाळीस एकर आणि बुडाखाली फटफटी.

प्राचार्य होते साहेबराव सर. निवृत्त न्यायाधीश. माणूस सोन्यासारखा, पण तोंड मात्र फटाक्यांची माळ. वर्गात कुणी कलम चुकवलं की म्हणायचे, "अरे, तुझ्या अशिलाला फाशी झाली ना आता! जा, त्याच्या बायकोला सांगून ये."

कॉलेजला कायमची मान्यता नव्हती. त्या साली तपासणी समिती यायची होती. ती नाही म्हणाली, तर शेवटच्या वर्षाच्या एकोणतीस पोरांना सनद नाही, म्हणजे वकिली नाही. तीन वर्षं पहाटेची पॅसेंजर धरून परतूरहून आलेल्या बेबीनंदाचं सगळं पाण्यात. आणि लायब्ररीत पुस्तकं किती? दोन कपाटं, त्यातलं एक अर्धं.

सरांनी तिलाच कामाला लावलं. "बेबी, दर रविवारी एकेका गावच्या विहारात जा. म्हणावं, आपल्या कॉलेजची तपासणी आहे, कायद्याची पुस्तकं असतील तर द्या."

ती गेली. केदारखेड्यात वंदना झाल्यावर उभी राहिली आणि जीव तोडून बोलली. मुंबईचे मोठे साहेब येणार, कायद्याची तपासणी करणार, आपली लाज राखा, घरात असेल ते घेऊन या. तारीखही सांगितली. बाया मान हलवत होत्या, म्हातारे डोळे पुसत होते. हिला वाटलं, वा, काय बोललो आपण!

तपासणीच्या दिवशी सकाळी नऊला ती कॉलेजात आली आणि फाटकातच थबकली. अंगणात साठ-सत्तर माणसं रांगेनं बसलेली. केदारखेड्याची, आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांची. कुणाच्या मांडीवर पत्र्याची पेटी, कुणाकडं धोतराच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं, एकीनं तर पिठाचा डबाच आणलेला. त्यात पीठ नव्हतं, कागद होते. सातबारे, नोटिसा, कोर्टाच्या नकला, मोडी, उर्दू, मराठी.

"हे काय आणलं?" बेबीनंदानं विचारलं.

पुढं बसलेली सगुणाबाई म्हणाली, "तूच तर म्हणलीस, कायद्याचे साहेब तपासणीला येऊन राह्यले. आणले आमचे कागद. घ्या म्हणावं तपासून."

त्यांचं तरी काय चुकलं? साहेब गावात येतो, खुर्ची मांडतो, तेव्हा माणसानं आपले कागद घेऊन रांगेत बसायचं असतं, हेच त्यांनी जन्मभर बघितलेलं. पुस्तकं तपासायला कुठला साहेब कधी आल्ता?

सरांनी वरून बघितलं आणि माळेला बत्ती लागली. "बेबी! हा काय तहसीलचा कॅम्प भरवलास काय? ते लोक तासाभरात येतील. काय सांगू त्यांना, ही आमची लायब्ररी?"

बेबीनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. माणसं शेजारच्याच तालुक्यातली, पण पहाटे तीनला निघाली होती. त्यांना परत जा म्हणायचं कोणत्या तोंडानं? तिनं मच्छिंद्राला नि चार पोरांना बोलावलं, मागच्या पडवीत सतरंज्या टाकल्या आणि सगळ्यांना तिकडं नेलं. "निदान वाचून तर सांगू यांना काय लिहिलंय ते," ती म्हणाली.

समिती उशिरा, दुपारी दोनला आली. तीन माणसं. अध्यक्ष म्हातारे, बारीक चष्म्याचे, बोलायला कंजूष. सर त्यांना घेऊन ऑफिसात बसले.

इकडं पडवीत बाकीच्यांचे कागद वाचता वाचता बेबीनंदानं शेवटी सगुणाबाईचं गाठोडं सोडलं. गायरानातली तीन एकर जमीन सोडा, असा तहसीलचा हुकूम. साठ दिवसांत प्रांतसाहेबांकडं अपील करता येईल, असं खाली बारीक अक्षरात. बेबीनंदानं बोटांवर दिवस मोजले. चुकले असं वाटून परत मोजले. मच्छिंद्राकडून मोजून घेतले. साठावा दिवस आजचा.

"मावशे, हे कुणाला दाखवलं न्हाई?"

"दोघा वकिलांना दाखवलं. एक म्हणला, उद्या ये. दुसऱ्यानं हातात बी घेतलं न्हाई."

"किती वर्षं कसता जमीन?"

"माझ्या आजेसासऱ्यापासून. पण पुरावा मागत्यात. हा एक कागद हाय, कुणाला वाचता येईना."

कागद उर्दू. निजामाच्या राजातला. आता अख्ख्या कॉलेजात उर्दू वाचणारा एकच माणूस, साहेबराव सर. ते शाळेत उर्दूच शिकलेले. आणि ते बसलेले ऑफिसात, समितीसमोर.

बेबीनंदा दारापर्यंत गेली आणि परत आली. आत गेलं तर कॉलेजचं वाटोळं, न गेलं तर सगुणाबाईचं. मंग तिनं दार ढकललं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

सर ओरडतील म्हणून तिनं डोळेच मिटले होते. सरांनी कागद घेतला, खिडकीशी नेला, वाचला. परत वाचला. मंग एकदम हसले. "दंडाची पावती आहे ही! फसली तेराशे पंचावन्न, म्हणजे पंचेचाळीस-शेहेचाळीस साल. सरकारी गायरानात ज्वारी पेरली म्हणून म्हाताऱ्याला दोन रुपये दंड. अगं, दंड केला म्हणजे जमीन तोच कसत होता, हे सरकारनंच लिहून दिलंय की!"

मंग ते अध्यक्षांकडं वळले. "साहेब, माफी असावी. मला दोन तास लागतील."

"आमची गाडी संध्याकाळची आहे," अध्यक्ष म्हणाले. "तपासणी अपुरी राहिली तर काय होतं, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ठाऊक आहे. मान्यता पुढच्या साली परत मागता येईल. या बाईला मुदत परत मिळायची नाही."

त्या वाक्यावर बेबीनंदाची सनद गेली होती. तिला ते कळलंही, आणि नवल म्हणजे तिला सरांचा राग आला नाही.

सरांनी तोंडी सांगितलं, तिनं भरभर लिहिलं. उर्दू पावतीचं मराठी सरांनी स्वतःच्या हातानं उतरवलं. सगुणाबाईचा अंगठा घेतला, कोर्ट फीचं तिकीट डकवलं. मच्छिंद्राच्या फटफटीवर मच्छिंद्र, मधी सगुणाबाई, मागं बेबीनंदा. सगुणाबाई आयुष्यात पहिल्यांदा फटफटीवर बसलेली. प्रांत ऑफिस येईस्तोवर तिनं मच्छिंद्राची बंडी अशी आवळून धरली की त्याचा गळाच घोटला. "मावशे, जल्दी पोचायचंय, पण मला जित्ता ठेव," तो ओरडत होता. कारकुनानं पावणेपाचला अपील घेतलं, शिक्का मारला.

परत आले तेव्हा समितीतले दोघं विश्रामगृहावर निघून गेले होते. अध्यक्ष मात्र मागच्या पडवीत सतरंजीवर बसलेले, बूट बाजूला काढून. सर त्यांच्या शेजारी. पुढं पोरं, पोरांपुढं गावकरी. अध्यक्ष एकेक कागद उचलायचे आणि पोरांना विचारायचे, "यावर काय अर्ज करशील? कुणाकडे करशील? मुदत किती?" पोरं सांगायची, अडखळायची, सर तोंड उघडायला जायचे तर अध्यक्ष त्यांना हातानं गप्प करायचे. साहेबराव सरांना कुणी गप्प केलेलं कॉलेजनं पहिल्यांदाच बघितलं.

निघताना अध्यक्ष एवढंच म्हणाले, "पुस्तकं फार कमी आहेत. ते मी लिहिणार."

त्यांनी लिहिलंही. महिन्यानंतर पत्र आलं. ग्रंथालय अपुरं, इमारत अपुरी, वर्षात एवढी पुस्तकं घ्या, अशा सतरा अटी. आणि शेवटी, मान्यता देण्यात येत आहे. सरांनी पत्र वर्गात वाचलं आणि अटी वाचतानाच त्यांना रडू फुटलं, तर पोरांना वाटलं मान्यता गेली! अर्धा वर्ग हुंदके द्यायला लागला. "मूर्खांनो, शेवटपर्यंत ऐका तरी," सर रडत रडतच ओरडले.

त्या रविवारी बेबीनंदा केदारखेड्याला गेली. तिला हात जोडायचे होते. सगुणाबाई तिला बघून घरात पळाली. त्या दिवशी दोन साहेब तपासणी टाकून निघून गेलेले तिनं ऐकलं होतं. आपल्यापायी पोरांचं कॉलेज बुडालं, अशी खंत ती महिनाभर घेऊन बसलेली. बेबीनंदानं तिला दारात ओढून आणलं, मान्यतेचं सांगितलं आणि म्हणाली, "मावशे, तुमचे उपकार हायत माझ्यावर. फार मोठे."

"आमचे?" सगुणाबाई म्हणाली. "येडी का काय तू!" आणि तिनं पोरीला कवटाळलं.

पुढच्या साली बेबीनंदाला सनद मिळाली, आणि त्याच महिन्यात सगुणाबाईच्या अपिलाची तारीख लागली. पहिलं वकीलपत्र घेऊन ती केदारखेड्यात आली. शाईची डबी उघडली, कागद पुढं सरकवला.

सगुणाबाईनं अंगठा पुढं केला नाही.

"आधी वाच," ती म्हणाली.

"मावशे, माझंच नाव हाय. मी तुमची वकील, एवढंच लिहिलंय."

"असंल. पण आजवर सगळ्यांनी माझा अंगठा घेतला, वाचून कुणी दाखवलं न्हाई. त्या दिशी तू बी न्हाई दाखवलंस."

खरंच होतं ते. तीन वर्षं कायदा शिकून, चांगल्या मनानं, घाईघाईत, तिनंही तेच केलं होतं. कुणी रागावून बोललं असतं तर ती भांडली असती, पण म्हातारी समजावून सांगत होती. मास्तरणीनं सांगावं तसं.

तिनं कागद उचलला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. सगुणाबाई प्रत्येक ओळीला थांबवायची. म्हणजे काय? हे कशाला? तू मधीच सोडून गेलीस तर? बेबीनंदा सांगत गेली. एका पानाच्या कागदाला पाऊण तास लागला. मंग सगुणाबाईनं पदराला हात पुसला, शाईत अंगठा बुडवला आणि विचारलं, "कुठं लावू?"