भिंगरीचा ड्रायर

बाबांनी मागच्या अंगणात भट्टी मांडली तेव्हा आईला आधी बरंच वाटलं. लेक गेल्यापासून हा माणूस खुर्चीत बसून भिंतीकडे बघायचा. चहा समोर निवून जायचा आणि कप उचलायला गेलं की म्हणायचा, अगं, प्यायचाय अजून. तो उठून चार वस्तू गोळा करतोय, हेच खूप होतं. लेक नव्हती तरी घरात दोघांना आई आणि बाबा हीच नावं राहिली होती, कारण दुसरी कुठली त्यांना आठवतच नव्हती.

वस्तू सगळ्या भंगारातल्या. आयुष्यभर बस डेपोत ब्रेक दुरुस्त केलेल्या माणसाला भट्टी म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? जुना ब्रेक ड्रम आणला, लोखंडी स्टुलावर बसवला, तळाच्या भोकात नळाचा पाइप खुपसला आणि वर कोळसा भरला. ऐरण म्हणून रुळाचा हातभर तुकडा लाकडाच्या ओंडक्यावर जखडला. सांडशी नव्हती, तर जुन्या पकडीला लांब दांडे जोडले. लोहारकामाचा अनुभव मात्र शून्य. पहिल्यांदा काय करणार विचारलं तर म्हणाले, हुक. भिंतीत ठोकायचा, साधा. बाजारात ढिगाने हुक मिळतात, त्यासाठी माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी कशाला, असं आई म्हणाली, पण ते नुसतं तोंडदेखलं.

हुकाचा विषय घरात जुना होता. लेक एका जागी ठरायची नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. रोज सकाळी ही बया घाईघाईत केस वाळवणार, ड्रायर पलंगावर फेकणार, वायर जमिनीपर्यंत लोंबती ठेवणार आणि कामाला पळणार. आई पसाऱ्याच्या नावाने खडे फोडायची. त्यावर भिंगरीचं उत्तर दारातून यायचं, बाबांना हुक लावायला सांग, मग टांगते. बाबा उद्या म्हणायचे. मग एका थंडीत तिला ताप आला, तो डोक्यात गेला आणि आठवडाभरात सगळं संपलं.

भट्टी पेटायची त्या वेळी आई एरवी शिवलेले कपडे पोचवायला बाहेर असायची. एका दुपारी मात्र ती घरीच, शिवणाच्या मशीनवर कुणाचे तरी पडदे शिवत होती. आतून घूं घूं असा आवाज आला. हात चालूच राहिले आणि तोंडातून सवयीने निघून गेलं, "आवर लवकर, आज पण उशीर होणार."

मग मशीन थांबलं. ती भिंगरीच्या खोलीत गेली. पलंग रिकामा होता, ड्रायर जागेवर नव्हता. आवाज खिडकीतून, अंगणातून येत होता. बाबांनी ड्रायर तारेने पाइपाला बांधला होता आणि तो कोळशाला हवा घालत होता.

इतक्या वर्षांच्या संसारात ती नवऱ्यावर अशी कधी तुटून पडली नव्हती. घरात दुसरं काहीच मिळालं नाही का, असं तिने विचारलं. थंड हवेवर ठेवलाय, जळणार नाही, एवढंच ते म्हणाले.

"तिचे केस आहेत त्याच्यात," आई म्हणाली. "मागच्या जाळीत. मी काढले नव्हते."

"मीही नाही काढले," बाबा म्हणाले.

त्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. कपडे देऊन झाले होते, उशीचा वास कधीच उडाला होता. बटण दाबलं की परत येईल असं भिंगरीचं एवढंच उरलं होतं, तो आवाज. दुपारपर्यंत तिला हे ठाऊकही नव्हतं. आता कळलं होतं आणि त्याच वेळी तो ड्रायर निखाऱ्यांपुढे तासन्‌तास राबत होता. तो जळाला की संपलं. तिला काहीही करून तो वाचवायचा होता.

सकाळी ती कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे गेली. भट्टीला हवा द्यायचं काही आहे का, असं तिने विचारलं. तो चक्रावला. ड्रमबरोबर पहिल्याच दिवशी त्याने हाताने फिरवायचा लोखंडी पंखा दिला होता, चांगला दणकट.

"आणि काकू, काकांना सांगा, लोखंड लाल झालं की हवा बंद करायची," तो म्हणाला. "दर वेळी जळकं लोखंड आणून टाकतात इथे. आता डेपोतल्या माणसाला एवढं कळत नाही, असं कसं म्हणू मी?"

आई तरातरा परत आली. पंखा ड्रमच्या मागे गोणपाटाखाली पडला होता, धूळ खात. ड्रायर चालू होता. बाबा पालथ्या बादलीवर डोळे मिटून बसले होते. कोळशातली सळई पांढरी होऊन ठिणग्या उडवत होती, तिचं टोक झिजून चाललं होतं, पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. भिंगरी केस वाळवायची तेव्हा रोज सकाळी तिच्या बंद दाराबाहेर ते पेपर धरून असेच बसायचे, मान किंचित कलती करून.

भांडायला आलेली आई तिथेच थांबली. मग तिने स्टूल ओढलं आणि शेजारी बसली.

"जळतंय ते," ती म्हणाली.

"जळू दे."

त्यानंतर ड्रायर वाचवायची भाषा तिने सोडली. रोज दुपारी मशीन थांबवून ती अंगणात यायची. मधेच पुटपुटायची, आवर लवकर. बाबा पूर्वीसारखेच लेकीची बाजू घ्यायचे, दोन मिनिटं दे की तिला. शेजारीण कुंपणावरून विचारायची, काय काय घडवलंत? आई सांगायची, शिकतायत अजून.

एके दिवशी आवाज जड झाला, अडखळला आणि करपट वास सोडून बंद पडला. बाबांनी ड्रायर खोलून पाहिला. मोटर जळाली होती. आयुष्यभर बसगाड्या मार्गी लावणाऱ्या माणसाला ती दुरुस्त करता येईना. जाळी मात्र त्यांनी होती तशीच परत बसवली, आणि मग ते रडले. दवाखान्यात रडले नव्हते, घरी आल्यावरही नाही. आता लहान मुलासारखे हुंदके देत होते, आणि आई त्यांची पाठ चोळत स्वतःही रडत होती.

कोळसा अजून धगधगत होता. आईने पदराने तोंड पुसलं, गोणपाटाखालचा पंखा ओढून पाइपाला लावला आणि दांडा फिरवायला लागली. त्याची घरघर कशासारखीच नव्हती.

"उठा," ती म्हणाली. "लोखंड तापलंय."

सळई लाल झाली तशी तिने दांडा सोडून दिला. बाबांनी ठोकायला घेतलं. हुक झाला. वाकडा, टोकाला जाड, पण हुक.

दुसऱ्या दिवशी बाबांनी तो भिंगरीच्या आरशाशेजारी ठोकला. आईने वायर नीट गुंडाळून ड्रायर त्यावर टांगला आणि मागे सरून पाहिलं. चादरीवर सुरकुती नव्हती. पलंगावर काही नव्हतं. प्रत्येक वस्तू जागच्या जागी होती. इतकी वर्षं ती ज्या खोलीसाठी घसा कोरडा करत आली होती, ती खोली तिच्यासमोर होती, आणि तिच्याच्याने ती बघवेना.

तिने ड्रायर काढला, वायर मोकळी केली आणि पलंगावर आडवातिडवा टाकून दिला. वायर जमिनीपर्यंत लोंबत राहिली. बाबा हातोडा घेऊन दारात उभे होते.

"किती हा पसारा," आई म्हणाली.