फुलोऱ्यावरची ताडपत्री

काचघरातल्या आणि उघड्यावरच्या भाताला सारखेच दाणे भरले, तेव्हा मी अक्षरशः टाळ्या पिटल्या. इतकी बावळट मी!

वाशीजवळच्या आमच्या बियाणे कंपनीत १९८४ साली खारजमिनीसाठी नवं भात तयार होत होतं. अर्ध्या कुंड्या काचघरात, बेताच्या उष्णतेत. अर्ध्या बाहेर, ऊन-पाऊस येईल तसा सोसायला. आतलं लाडावलेलं वाण बाहेर टिकतं का, एवढंच पाहायचं होतं. टिकलं, तर बियाणं उरणकडच्या शेतकऱ्यांना जाणार होतं.

मग बाहेरच्या कुंड्यांमागे मला ताडपत्री सापडली. पाणी घालणाऱ्या सुमित्राबाईंना विचारलं, तर त्यांनी काही लपवलं नाही.

"पाऊस आला का मीच झाकत व्हते, बाय. फुलोऱ्यावरचं भात म्हंजे पोटुशी बाई. तिला कुनी भिजत उभी करतं का?"

त्यांची शेतं नवं शहर वसवण्यात गेली होती. या कुंड्या हीच त्यांची उरलेली शेती, हे मला कळत होतं. तरी माझं डोकं फिरलं.

"अहो, पावसात काय होतं तेच तर बघायचं होतं! सगळं मुसळ केरात. आता हे बी उरणला जाईल आणि फुलोऱ्यात पाऊस लागला तर पीक पोचट निघेल. तिथे शेतावर ताडपत्री कोण धरणार?"

सुमित्राबाईंनी हातातली झारी खाली ठेवली. उरणजवळच त्यांचं माहेर होतं. त्यांच्याच सांगण्यावरून अख्ख्या गावाने या बियाण्यासाठी नावं दिली होती.

"सायबाला सांग, बाय. माजं नाव पन सांग. नोकरी गेली तं गेली."

जिवावर आलं, पण सांगितलं. पुढच्या पावसाळ्यात प्रयोग पुन्हा करू, म्हणून आमच्या श्यामसुंदर सरांपुढे हात जोडले.

"असली बाई इथे नको," सर म्हणाले आणि त्यांनी सुमित्राबाईंना त्याच दिवशी काढलं.

"आणि बियाणं, सर?"

"बियाण्याचं काय? दाणे भरलेत ना?"

सुमित्राबाई गेटपाशी माझीच वाट पाहत होत्या. "बी थांबलं ना, बाय?"

"नाही थांबलं. तुम्ही माहेरी जा, सगळ्यांना सांगा, हे पेरू नका."



"कंपनीनं हाकललेली बाई मी. आता माजं कोन ऐकंल?"