आधी एक टाळी वाजवा

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे आणि मी चिडलेली आहे. सगळ्यांवर नाही. हातात स्क्रू-ड्रायव्हर आला की ज्यांना चालती वस्तू बघवत नाही, त्यांच्यावर. ज्याने त्याने आपले ओळखून घ्यावे.

मला आत्याने बनवले. आत्याला सर्किटांचा भारी नाद. सुट्टीच्या दिवशी माणसे लोळत पडतात, ही जेवणाच्या टेबलावर जुने वर्तमानपत्र पसरून तारा जोडायला कथलाचे डाग देत बसायची. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात तिने माझा संसार मांडला, पण गंमत म्हणून नव्हे. तिच्या वहिनीला एका तापानंतर ऐकू येईनासे झाले होते, आणि आतल्या खोलीत कठड्याच्या खाटेत वहिनीची तान्ही चिमी होती. पोर रडली तर आईला कळायचे कसे? त्यासाठी मी.

माझ्या तोंडाशी वाटाण्याएवढा माइक आहे, तो माझा कान. पोटात तीन-तीन पायांचे दोन ट्रान्झिस्टर. पहिला चिमीचा आवाज मोठा करायचा, दुसरा त्या जोरावर खटका ओढायचा, की बाहेरच्या खोलीत आईच्या शिलाई मशीनवर टांगलेला दिवा लागायचा. दिवा लागला, की आई हातातले टाकून आत. दिवा नाही, म्हणजे पोर झोपली. शिवाय माझ्या कपाळावर एक लाल ठिपका होता, मला वीज मिळते आहे हे सांगणारा. आत्याने आईला सांगून ठेवले होते, तो दिसला की निर्धास्त शिवत बस.

मी कामात कधी कसूर केली नाही. माझा कान इतका तिखट, की धाकटा काका शिंकला तरी दिवा लागायचा. आई धावत यायची आणि त्याच्याकडे अशी बघायची, की त्याची पुढची शिंक नाकातच जिरायची. शेजारणी मला बघायला येत. मीही फुगून बसायची, खोटे कशाला बोलू?

आता त्या काकाचे ऐका. आत्याचा धाकटा भाऊ. नाद त्यालाही होता, पण सगळा देखाव्याचा. गाण्याच्या तालावर नाचणारे दिवे बनवत होता. संध्याकाळी दोस्त बघायला येणार, आणि गड्याने पाय उलटे जोडून ट्रान्झिस्टर जाळला. दुकान बंद. मग त्याला मी आठवले. झाकण उघडले, माझा दुसरा ट्रान्झिस्टर उपटला आणि झाकण पुन्हा नीट लावले. नीटनेटका होता हो, चोरीतसुद्धा.

आणि माझ्या कपाळावरचा तो तोंडदेखला ठिपका तसाच लाल! त्याची तार थेट विजेला जोडलेली. माझ्या पोटात काय राहिले नि काय गेले, त्याला सोयरसुतक नव्हते.

दुपारी आईने दारातून ठिपका पाहिला आणि ती मशीनवर बसली. चिमी उठली, कठडा धरून उभी राहिली, आणि तिच्या झबल्याचा गळा खाटेच्या कोपऱ्यातल्या लाकडी बोंडाला अडकला. ती घसरली. पायाची बोटे तेवढी गादीला टेकत होती. ती रडली. मी ऐकले, मित्रांनो. पहिला ट्रान्झिस्टर जीव तोडून आवाज मोठा करत होता, पण खटका ओढायला पुढे कोणी नव्हते. मशीन चालूच राहिली. पोरीचा आवाज बसत गेला, नुसती घरघर उरली. एवढ्यात आत्या घरी आली म्हणून निभावले.

आत्याने चिमीला सोडवून आईच्या कुशीत दिले आणि माझे झाकण उघडले. तीन पायांची जागा रिकामी होती. काका तोंडात मारल्यासारखा उभा राहिला.

"ताई, एकच तर काढला होता. रात्री परत लावणारच होतो. ठिपका चालू होता ना?"

आईने ते त्याच्या ओठांवर वाचले. ती ओरडली नाही. पोरीच्या मानेवरचा वळ चोळत म्हणाली, "भाऊजी, दिवा लागला नाही की मी समजते, पोर झोपलीय. आज ती गळफासात लटकली होती आणि मी तुमच्या सदऱ्याला काजं करत होते."

मग ती आत्याकडे वळली. "वन्सं, ठिपका बघून निर्धास्त बस, हे तुम्हीच सांगितलं होतं."

ठिपका तिनेच चुकीच्या जागी जोडला होता. तिने तो तिथल्या तिथे उपटला, काकाच्या नाचऱ्या दिव्यांतून माझा ट्रान्झिस्टर काढून मला परत डाग दिला. त्या संध्याकाळी दोस्तांनी काय बघितले, मला ठाऊक नाही. बरे झाले, एवढेच म्हणते. पण घरात तेव्हापासून नियम झाला: मशीनवर बसण्याआधी माझ्यासमोर एक टाळी वाजवायची आणि दिवा लागतो का बघायचे.

चिमी मोठी झाली. माझे काम संपले, झाकणावर धूळ बसली. आई मात्र माझा प्लग कोणाला काढू देत नसे. परवा तीच चिमी हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आली. तिला रेडिओ बनवायचा होता. म्हणे, पेटी नुसती पडूनच तर आहे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जिच्यासाठी घसा नसताना ओरडले, तीच माझे पोट फाडायला आली.

पण घरातली सवय. झाकणाला हात लावण्याआधी तिने टाळी वाजवली.

खटका पडला. बाहेर मशीन थांबली. पांढऱ्या केसांची आई अर्धी शिवण टाकून, दातात दोरा तसाच धरून दारात आली.

"काय झालं गं? लागलं का कुठं?"

चिमीने मान हलवली. स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि बाहीने माझी धूळ पुसली.

तेव्हा मित्रांनो, कुणाच्या जुन्या वस्तूचे पोट उघडण्याआधी विचारत जा. विचारायला कोणी दिसले नाही, तर एक टाळी वाजवा आणि थांबा. धावत कोण येते ते बघा. मग हिंमत असेल तर काढा.